हृदयाच्या स्नायूतली जनुकं आणि प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याचे एमएस्सीचे विद्यार्थी, तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब सांभाळणारी मंडळी आणि हातात रिपोर्ट घेऊन बसलेले नातेवाईक, या तिघांचे प्रश्न फिरून फिरून येतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एका जागी लावून ठेवली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग गुंतागुंतीचे. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, अशी वेळ असेल तर मात्र हे वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा.

१. जनुकं तर शरीरात सगळीकडे सारखीच असतात. मग ‘हृदयाची जनुकं’ म्हणजे काय?

जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात. यकृतात तीच, कातडीत तीच, हृदयातही तीच. त्यातली कोणती चालू, कोणती बंद, आणि चालू असलेली किती जोरात, यावरून पेशी कसली होणार ते ठरतं. या चालू असण्याला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचं कार्ड पुष्कळ घरांत सापडतं, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. सिकलसेलचा बदल बीटा-ग्लोबिन जनुकात असतो आणि तो रुग्णाच्या हृदयाच्या पेशींतही असतोच. पण हृदयाचा स्नायू ते जनुक वापरत नाही. बदललेलं हिमोग्लोबिन बनतं ते अस्थिमज्जेत, तांबड्या पेशी तयार होताना. अशा रुग्णाच्या हृदयावर ताण येतो तो रक्तक्षयामुळे आणि फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतल्या वाढलेल्या दाबामुळे. हृदयात निजून असलेल्या त्या जनुकाचा त्यात हात नसतो.

२. एमआरएनए मोजतात म्हणजे काय मोजतात? आणि प्रथिन कसं मोजतात?

जनुक चालू झालं की त्याची एमआरएनए नावाची नक्कल निघते आणि ती वाचून पेशी प्रथिन बनवते. नकला मोजायला आरएनए-सिक्वेन्सिंग किंवा क्यूपीसीआर वापरतात. प्रथिनांसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री, वेस्टर्न ब्लॉट किंवा प्रतिपिंडाने रंगवलेल्या स्लाइड्स असतात. ही दोन वेगळी मोजमापं आहेत. रिपोर्ट असो वा शोधनिबंध, यातलं कोणतं मोजलंय हे पहिल्यांदा पाहा. निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

३. एमआरएनए जास्त दिसला तर प्रथिनही जास्त असणार, असं धरायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. जिनिंगमध्ये आज किती कापूस आला त्यावरून गोदामात किती गाठी पडून आहेत ते सांगता येत नाही. गाठी किती बांधल्या आणि किती बाहेर गेल्या, तेही धरावं लागतं. प्रथिनाचं तसंच आहे. एमआरएनए किती वेगाने वाचला जातो आणि बनलेलं प्रथिन किती दिवस टिकतं, यावर पातळी ठरते. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली उंदराच्या पेशींत हे एकत्र मोजलं. एमआरएनएचं अर्धायुष्य मध्यमानाने ९ तास भरलं आणि प्रथिनाचं ४६ तास. प्रथिनांच्या पातळ्यांत जो फरक होता, त्यातला जेमतेम ४० टक्के एमआरएनएच्या पातळीवरून उलगडला.

हृदयातलं माझं आवडतं उदाहरण मायोसिनचं. आकुंचन घडवणाऱ्या या प्रथिनाचे हृदयात दोन प्रकार असतात. अल्फा चपळ, त्याचं जनुक एमवायएच-६. बीटा सावकाश पण काटकसरीने चालणारं, त्याचं जनुक एमवायएच-७. दोन्ही जनुकं १४ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. माणसाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांत बीटाचंच राज्य असतं. १९९७ साली दोन गटांनी एमआरएनए मोजला. चांगल्या हृदयात अल्फाचा वाटा एकाला २३ आणि दुसऱ्याला ३३ टक्के मिळाला. कमजोर हृदयात तो २ टक्क्यांच्या आसपास उतरला होता. २००० साली प्रथिन मोजलं गेलं, तेव्हा चांगल्या हृदयातसुद्धा अल्फाचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि कमजोर हृदयात जवळपास काहीच नाही. दिशा दोन्हीकडे एकच होती, आकडे मात्र कुठच्या कुठे. नुसत्या एमआरएनएवर विसंबून ‘हृदयात तिसरा हिस्सा अल्फा मायोसिन आहे’ असं कुणी लिहिलं असतं, तर ते साफ चुकलं असतं.

प्रथिन तेवढंच असून काम बदललं, असंही होतं. ट्रोपोनिन-आय किंवा फॉस्फोलॅम्बन या आकुंचनावर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट बसला की त्यांची वागणूक बदलते. प्रमाण मोजणाऱ्या साध्या ब्लॉटवर त्याचा मागमूसही दिसत नाही.

४. हृदयाच्या स्नायूत सगळ्यात जास्त प्रथिन कोणतं?

वजनाने पाहिलं तर आकुंचनाची प्रथिनं, म्हणजे मायोसिन, ॲक्टिन आणि टायटिन. त्यांच्या बरोबरीने मायटोकाँड्रियाची प्रथिनं, कारण हृदयपेशीची साधारण तिसरा हिस्सा जागा मायटोकाँड्रिया व्यापतात. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे तर ऊर्जा सतत लागणारच.

टायटिनबद्दल थोडं जास्त सांगतो. माणसाच्या शरीरातलं हे सगळ्यात मोठं प्रथिन. त्यात अमिनो आम्लांचे ३४,००० हून अधिक दुवे असतात आणि त्याचं जनुक टीटीएन ३६० हून अधिक तुकड्यांत, म्हणजे एक्झॉनमध्ये, विभागलेलं असतं. कोणते तुकडे जोडायचे आणि कोणते गाळायचे, ते हृदय ठरवतं. जन्माआधी लांब आणि लवचीक टायटिन जास्त असतं, जन्मानंतर आखूड आणि ताठ प्रकार वाढतो. हे तुकडे गाळणं प्रश्न १२ मध्ये फार महत्त्वाचं ठरणार आहे.

एकूण यादी मोठी आहे. २०१७ साली म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने मानवी हृदयाचे १६ भाग वेगवेगळे तपासले, तेव्हा १०,७०० हून अधिक प्रथिनं ओळखता आली.

५. मन्हा बापना ट्रोपोनिन वाढेल शे. मंग हार्ट अटॅकच ना?

नाही, लगेच तसं म्हणता येत नाही भाऊ. ट्रोपोनिन वाढलं याचा अर्थ हृदयाच्या पेशींना इजा झाली आणि त्यांच्यातलं प्रथिन रक्तात आलं. इजा कशाने झाली ते ही तपासणी सांगत नाही. अटॅकमध्ये वाढतं, तसं मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर), फुफ्फुसात गुठळी अडकल्यावर, मायोकार्डायटिसमध्ये (हृदयस्नायूला सूज आल्यावर), विंचूदंशात आणि उष्माघातातही वाढू शकतं. म्हणून डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा चढतो-उतरतो का, ईसीजी काय म्हणतो, छातीत दुखणं कसं आहे, हे सगळं जुळवून निदान होतं. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला आले की ‘पैसे उकळतात’ म्हणून वाद घालू नका. ती दुसरी तपासणीच खरी कामाची असते.

दोन गोष्टी रिपोर्टवर नीट पाहा. पहिली, एकक. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही नॅनोग्रॅम प्रति लिटर. ०.०५ आणि ५० हे एकाच मोजणीचे दोन अवतार आहेत, आणि गावाकडच्या लॅबचा ‘०.०५’ शहरात गेल्यावर ‘५०’ झाला की घरात रडारड सुरू होते. दुसरी, ट्रोपोनिन-आय की ट्रोपोनिन-टी. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहायचा नाही. काही स्नायूविकारांत ट्रोपोनिन-टी हृदयाला धक्का न लागताही वाढलेलं दिसू शकतं.

आणि हो, यात जनुक-अभिव्यक्ती मोजलेली नसते. जनुकाने ट्रोपोनिन जास्त बनवायला घेतलं म्हणून आकडा वाढत नाही, पेशी फुटून साठा बाहेर पडला म्हणून वाढतो. नेमकं उलटं बीएनपीचं.

६. मग बीएनपीत वेगळं काय आहे?

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी बनताना सुटणारा जोडीचा तुकडा) ही हृदय कमजोर झाल्याची शंका आली की करतात ती रक्ततपासणी. ती खरोखर जनुक चालू झाल्याची खूण आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंतींवर ताण आला की एनपीपीबी हे जनुक जागं होतं, एमआरएनए वाढतो, प्रथिन बनतं आणि जवळपास लगेच रक्तात सोडलं जातं. खालचे कप्पे त्याचा फारसा साठा करत नाहीत. त्यामुळे ऊतीत एमआरएनए भरपूर आणि प्रथिन थोडं, असं चित्र दिसतं, ते चूक समजू नये. याचं भावंड एएनपी. ते वरच्या कप्प्यांत कणांच्या रूपात साठवलेलं असतं आणि ताण पडला की सुटतं. १९८१ साली अडोल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचून त्याचा परिणाम दाखवला. बीएनपी १९८८ साली पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून त्याच्या नावात मेंदू येऊन बसला.

७. औषध चालू केल्यावर त्रास कमी झाला, पण बीएनपी वाढलं. हे कसं?

गोळीचं नाव बघा. सॅक्युबिट्रिल आणि वलसार्टान एकत्र असलेली असेल, तर उत्तर तिथेच आहे. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिन हे विकर (एन्झाइम) अडवतं आणि बीएनपी तोडण्याच्या कामात हे विकर असतं. तोडणं मंदावलं, म्हणून बीएनपीची पातळी वर राहते. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलायसिन हात लावत नाही, त्यामुळे या रुग्णांत तेच पाहायचं. बनणं वाढलं की तोडणं कमी झालं, हा प्रश्न ३ मधलाच हिशेब आहे.

८. साधं रक्त देऊन माझ्या हृदयात कोणती जनुकं चालू आहेत ते कळेल का?

नाही. रक्तातून जनुकाचा क्रम कळतो, कारण तो सगळ्या पेशींत सारखा असतो. हृदयात ते जनुक किती चालू आहे हे कळायला हृदयाचाच तुकडा लागतो. तो घेण्याची रीत म्हणजे एंडोमायोकार्डियल बायोप्सी. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेऊन, तिथल्या पडद्यावरून काही मिलिग्रॅमचे कण काढतात. ती जोखमीची तपासणी आहे. प्रत्यारोपणानंतर किंवा मायोकार्डायटिस, अमायलॉइड (हृदयात प्रथिनाचे तंतू साचणं, प्रश्न १४) अशा शंकेपोटी करतात, कुतूहलापोटी नाही.

रक्तावरून ‘हार्ट जीन एक्स्प्रेशन प्रोफाइल’ काढून देतो असं कुणी पॅकेज विकत असेल, तर लेखी विचारा: मोजणी कोणत्या पेशींतली आहे? उत्तर ‘रक्तातल्या पांढऱ्या पेशी’ असणार.

९. बायोप्सीचा नमुना मे महिन्यात खानदेशातून मुंबई-पुण्याला पाठवायचा तर आरएनए टिकेल का?

(हा प्रश्न धुळ्याच्या एका तंत्रज्ञाने विचारला होता. फार नेमका आहे.) फॉर्मलिनमध्ये टाकलात तर ऊतीची रचना छान टिकते, आरएनएचे मात्र तुकडे होतात. म्हणून तुकडा घेण्यापूर्वी, नंतर नाही, पुढच्या लॅबला फोन करा. आरएनएसाठी एक कण वेगळा काढून आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात किंवा थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीचा कण ग्लुटराल्डिहाइडमध्ये जातो. एकाच डबीत सगळं कोंबून चालत नाही.

द्रवरूप नायट्रोजनचं नाव काढलं की लोक ‘ते इथे कुठून आणायचं’ म्हणतात. गुराढोरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या ॲल्युमिनिअमच्या कॅनमध्ये बुडवून ठेवतात, त्यात तेच असतं, उणे १९६ अंशांवर. रुग्णाच्या नमुन्यासाठी तो कॅन उसना आणा असं मी म्हणत नाही. पण ज्याला नायट्रोजनचा पुरवठादार शोधायचाय, त्याने चौकशी तिथून सुरू करावी.

भुसावळच्या उन्हात दुपारभर गाडीत पडलेल्या डबीतून आरएनए निघाला तरी त्यावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. हृदयाची ऊती मुळातच चिवट असते, आकुंचनाच्या प्रथिनांनी आणि तंतूंनी गच्च भरलेली. त्यामुळे आरएनए काढताना आधी प्रोटिनेज-के या विकराने ती सैल करावी लागते.

१०. शोधनिबंधांत ‘निरोगी हृदय’ लिहितात. निरोगी माणूस हृदयाचा तुकडा कशाला देईल?

देत नाही, आणि ही या विषयातली कायमची दुखरी नस आहे. ‘निरोगी’ नमुने बहुधा मेंदूमृत दात्यांच्या अशा हृदयांचे असतात, जी काही कारणाने प्रत्यारोपणाला वापरली गेली नाहीत. किंवा मृत्यूनंतर काही तासांनी घेतलेले असतात. आजारी नमुने प्रत्यारोपणाच्या वेळी काढून टाकलेल्या हृदयांचे, किंवा यांत्रिक पंप बसवताना निघालेल्या स्नायूच्या गाभ्याचे. म्हणजे एका बाजूला अतिदक्षता विभागातली औषधं आणि मृत्यूचा धक्का, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षांच्या गोळ्या. दोन्ही गटांतला सगळाच फरक आजाराचा धरता येत नाही.

वेगवेगळ्या ऊतींतली जनुक-अभिव्यक्ती मोजणाऱ्या जीटेक्स या अमेरिकन प्रकल्पाच्या आठव्या आवृत्तीत ९४८ दात्यांच्या ५४ प्रकारच्या ऊती आहेत. त्यात डावा खालचा कप्पा आणि वरच्या कप्प्याचं उपांग, असे हृदयाचे दोन भाग येतात. दाते बहुसंख्य गोरे अमेरिकन. भारतात जीनोमइंडिया प्रकल्पाने १०,००० लोकांचा जनुकक्रम काढला, पण ते रक्तातलं डीएनए आहे, हृदयाची ऊती नव्हे.

११. जनुकाच्या रिपोर्टवर ‘एमवायबीपीसी-३, २५ अक्षरांचं डिलीशन’ आलंय. नेटवर वाचून घरात कुणी झोपलेलं नाही. काय करावं?

आधी झोपा. एमवायबीपीसी-३ हे हृदयाच्या आकुंचनाच्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाचं जनुक. त्यातला हा बदल दक्षिण आशियातल्या लोकांत साधारण ४ टक्क्यांमध्ये सापडतो, म्हणजे लग्नाच्या एका पंगतीत चार-पाच जण सहज निघतील. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणूजीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह एका मोठ्या गटाने त्याचा हृदय कमजोर होण्याशी संबंध दाखवला, आणि तीच बातमी अजून फिरते आहे. जनुकाच्या ज्या भागातून प्रथिन बनत नाही, तिथली २५ अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे शेजारचा एक तुकडा एमआरएनएतून वगळला जाऊ शकतो आणि प्रथिनाचं शेपूट बदलतं. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की धोक्याचा मोठा भाग या बदलासोबत काही लोकांत येणाऱ्या दुसऱ्याच बदलांचा आहे. बहुतेक धारकांना आयुष्यभर काही होत नाही.

करायचं एवढंच: इकोकार्डिओग्राम, ईसीजी, आणि घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेलं कुणी आहे का याची चौकशी. हृदय जाड किंवा पसरट दिसलं, किंवा तसा इतिहास असला, तर रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञ आणि जनुक-सल्लागार यांच्याकडे जा. ‘व्हीयूएस’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही’ एवढाच. त्यावरून मुलीचं लग्न मोडू नका.

१२. टीटीएन जनुकात ‘ट्रंकेटिंग’ बदल आहे, पण इको नॉर्मल. रिपोर्ट खोटा का?

खोटा नसेल. हृदय पसरट होण्याच्या घराण्यातून चालत आलेल्या आजारात सुमारे २५ टक्के रुग्णांत असा, म्हणजे प्रथिन अर्ध्यातच तोडणारा, बदल सापडतो, हे २०१२ साली समोर आलं. पण ठणठणीत लोकांतही शंभरात एखाद्याकडे तो निघतो. याचं मोठं कारण प्रश्न ४ मध्ये आलंय. टायटिनचे सगळे तुकडे हृदय वापरत नाही. बदल जर प्रौढ हृदयाने गाळून टाकलेल्या तुकड्यात असेल, तर तो बनलेल्या प्रथिनापर्यंत पोचतच नाही. म्हणून रिपोर्ट वाचताना विचारायचं ते हे: बदल असलेला एक्झॉन हृदयातल्या एमआरएनएत किती टक्के वेळा राहतो? याला पीएसआय म्हणतात. ए-बँडमधल्या (मायोसिनच्या जाड तंतूंच्या पट्ट्यातल्या), जवळपास नेहमी राहणाऱ्या तुकड्यातला बदल गंभीर धरायचा. नेहमी गाळल्या जाणाऱ्या तुकड्यातला बहुधा निरुपद्रवी.

डीएनएच्या रिपोर्टचा अर्थ लावायला हृदयातली अभिव्यक्ती लागते, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही. आणि बदल नेहमी वापरल्या जाणाऱ्या तुकड्यात असूनही आज इको नॉर्मल असेल, तर दर एक-दोन वर्षांनी ते पुन्हा करायचं. दारू, बाळंतपण, कर्करोगाची काही औषधं, अशा वेळी दडलेला आजार वर येऊ शकतो.

१३. एक प्रत बिघडलेली, एक चांगली. मग प्रथिन बरोबर निम्मं होतं का?

क्वचितच. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. त्यातल्या बिघडलेल्या प्रतीचा एमआरएनए पेशी बऱ्याचदा ओळखून नष्ट करते. एमवायबीपीसी-३ मधल्या ट्रंकेटिंग बदलांच्या रुग्णांचा हृदयस्नायू २००९ साली तपासला, तेव्हा तुटकं प्रथिन सापडलं नाही आणि एकूण प्रथिन साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा कमी होतं. म्हणजे चांगली प्रत थोडी भरपाई करते. टायटिनच्या बाबतीत मात्र तुटकं प्रथिनही बनतं, हे २०२१ साली दोन गटांनी मानवी हृदयांत दाखवलं. एका जनुकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

१४. हृदयात प्रथिन सापडतं, पण त्याचा एमआरएनए हृदयात जवळपास शून्य. चूक कुठे?

चूक कुठेच नसेल. ट्रान्सथायरेटिन, म्हणजे टीटीआर, हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं आणि रक्तात फिरतं. काही लोकांत, विशेषतः वयस्क पुरुषांत, ते उलगडून हृदयात तंतूंच्या रूपात साचतं आणि भिंती ताठ होतात. प्रथिनाचा ढीग हृदयात, जनुक चालू यकृतात. उपचारही तसाच: पॅटिसिरानसारखी औषधं यकृतातला टीटीआरचा एमआरएनए नष्ट करतात, तर टॅफामिडिस रक्तातलं प्रथिन उलगडू देत नाही. हृदयाच्या जनुकांना कुणी हात लावत नाही. नुसता हृदयाचा आरएनए तपासणाऱ्याला हा आजार दिसलाच नसता.

१५. इथे पारा ४५ च्या वर जातो. उन्हाने हृदयाची जनुकं बदलतात का?

जनुकाचा क्रम बदलत नाही, चालू-बंद बदलते. उष्णता वाढली की पेशी हीट-शॉक प्रथिनं बनवू लागते. ही प्रथिनं उष्णतेने वाकड्या झालेल्या इतर प्रथिनांना सावरतात. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीत हे पहिल्यांदा पाहिलं, तेही उबवणपेटीचं तापमान चुकून वाढलं म्हणून. हृदयातही हीच यंत्रणा आहे. पण तिच्या भरवशावर भर दुपारी केळीच्या बागेत राबू नका. उष्माघातात हृदयपेशींना इजा होते आणि ट्रोपोनिन वाढतं (प्रश्न ५).

१६. हृदयाची प्रथिनं वाढवायला काय खावं? प्रोटीन पावडर घेऊ का?

खाल्लेलं प्रथिन पोटात अमिनो आम्लांत मोडतं. कोणतं प्रथिन किती बनवायचं ते हृदय स्वतः ठरवतं. कळण्याची भाकरी आणि डाळ जेवणाऱ्याला पावडरची गरज सहसा नसते. केळी हृदयासाठी चांगली, हे पोटॅशियममुळे म्हणतात. त्याचा संबंध ठोक्याच्या विजेशी आहे, जनुकांशी नाही. किडनीचा आजार असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर रावेरचा पाहुणा घड घेऊन आला तरी आधी डॉक्टरांना विचारा.

१७. औषधाने जनुक-अभिव्यक्ती सुधारते का?

सुधारल्याचा चांगला पुरावा आहे, आणि तो जुन्या, स्वस्त गोळ्यांचा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरट हृदयाच्या रुग्णांच्या बायोप्सी बीटा-ब्लॉकरच्या आधी आणि नंतर घेतल्या. ज्यांचं हृदय सुधारलं त्यांच्यात अल्फा मायोसिन आणि सर्का (पेशीतलं कॅल्शियम परत साठ्यात ओढणारं प्रथिन) यांचा एमआरएनए वाढला, बीटा मायोसिनचा घटला. म्हणजे प्रश्न ३ मधली घसरण काही अंशी उलटली. थायरॉइडचं संप्रेरकही अल्फा मायोसिन आणि सर्का वाढवतं, त्यामुळे हृदय कमजोर निघालं की टीएसएचची तपासणी चुकवू नये.

उलट, सर्काचं जनुक थेट विषाणूत घालून हृदयात सोडण्याचा मोठा गाजावाजा झाला होता. सुमारे २५० रुग्णांवरच्या कपिड-२ चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. ‘कमी झालेलं जनुक भरून काढा’ हे ऐकायला सोपं वाटतं. पण विषाणू किती पेशींत पोचला आणि तिथे प्रथिन खरंच वाढलं का, हे प्रश्न तिथेही होतेच.

१८. कोविडच्या लशीतला एमआरएनए आणि हा एमआरएनए एकच का?

रसायन एकाच जातीचं, निरोप वेगळा. तशीही आपल्याकडे बहुतेकांना कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन मिळाली आणि त्या दोन्ही एमआरएनए लशी नाहीत.

१९. डेटात हृदयाच्या स्नायूत हिमोग्लोबिनचं जनुक दिसतं. तुम्ही तर प्रश्न १ मध्ये बंद असतं म्हणालात!

बरोबर पकडलंत. हृदयाचा तुकडा कितीही धुतला तरी त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त उरतं आणि कोवळ्या तांबड्या पेशींत ग्लोबिनचा एमआरएनए असतो. तो नमुन्यातल्या रक्ताचा अंश आहे, स्नायूचा नाही. दोन नमुन्यांत हाच आकडा फार वेगळा असेल, तर एकात रक्त जास्त राहिलंय असं समजा.

दुसरा चकवा मायटोकाँड्रियाचा. त्यांच्या स्वतःच्या डीएनएत प्रथिनांची फक्त १३ जनुकं आहेत, पण हृदयातल्या एमआरएनएचा जवळपास तिसरा हिस्सा त्यांचा भरतो. टीपीएम हे एकक ‘दहा लाखांत किती’ असं असतं. त्यामुळे हा हिस्सा हलला की बाकी सगळी जनुकं काही न होता वर-खाली गेल्यासारखी दिसतात.

२०. कमजोर हृदयात जनुक घटलं म्हणजे पेशीने ते बंद केलं, असं लिहू का?

थांबा. हृदयात आकारमानाने बहुतेक जागा स्नायूपेशींची असली तरी संख्येने त्या अल्पमतात असतात. बाकी फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्यांच्या पेशी, त्यांना लगटून असलेल्या पेरिसाइट आणि प्रतिकारक पेशी. आजारात स्नायूपेशी मरतात, व्रणाची ऊती वाढते. मग अख्खा तुकडा वाटून मोजला तर स्नायूचं प्रत्येक जनुक ‘घटलेलं’ दिसणार, उरलेल्या पेशींत ते तसंच चालू असलं तरी.

याला उतारा एकेका पेशीची मोजणी, पण तिथेही अडचण आहे. माणसाची हृदयपेशी १०० मायक्रोमीटरहून लांब असते, नेहमीच्या यंत्राच्या थेंबात मावत नाही. म्हणून फक्त केंद्रकं घेतात. २०२० साली १४ दात्यांच्या हृदयांतून सुमारे पाच लाख पेशी आणि केंद्रकांचा नकाशा झाला, त्यात स्नायूपेशींसाठी केंद्रकांचाच आधार घ्यावा लागला. केंद्रकात अर्धवट तयार एमआरएनए जास्त असतो, बाहेरचा पक्का माल मोजला जात नाही. प्रथिनापासून आपण आणखी एक पायरी मागे सरकतो.

२१. वेस्टर्न ब्लॉटवर टायटिन येतच नाही, आणि गाइड म्हणतात जीएपीडीएचने नॉर्मलाइज कर. बरोबर?

टायटिन तीस लाख डाल्टनच्या पुढे असतं. नेहमीच्या जेलमध्ये ते शिरतच नाही आणि तुमचा मार्कर २५० किलोडाल्टनला संपतो. त्यासाठी ॲगरोजचं जेल लागतं. नॉर्मलाइज म्हणजे स्थिर मानलेल्या एखाद्या प्रथिनाच्या प्रमाणात आकडा मांडणं. जीएपीडीएच हे साखर जाळणाऱ्या साखळीतलं विकर. कमजोर हृदय इंधनच बदलतं, तिथे ते स्थिर राहील याची खात्री नाही. दोन-तीन संदर्भ प्रथिनं घ्या किंवा एकूण प्रथिनाचा डाग लावा. गाइडना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

२२. उंदरातला निकाल माणसाला लावता येतो का?

जपून. मिनिटाला ५००-६०० ठोके देणाऱ्या छोट्या उंदराच्या खालच्या कप्प्यांत अल्फा मायोसिनचं राज्य असतं, आपल्याकडे बीटाचं (प्रश्न ३).

२३. आमच्या कॉलेजात ना सिक्वेन्सर आहे ना हृदयाची ऊती. या विषयावर प्रबंध करता येईल का?

येईल, आणि चांगला होईल. जीटेक्सचं पोर्टल आणि स्वीडनमधून २००३ साली सुरू झालेला ह्यूमन प्रोटीन ॲटलस (कोणतं प्रथिन कोणत्या ऊतीत असतं त्याचा नकाशा), दोन्ही फुकट उघडतात. जळगावच्या विद्यापीठाच्या वाचनालयातला संगणक आणि बरं इंटरनेट पुरतं. विषय लहान घ्या. दहा-पंधरा जनुकं निवडा: काही आकुंचनाची, काही मायटोकाँड्रियाची, काही रक्तात स्रवणारी. जीटेक्समधून प्रत्येकाचा एमआरएनए घ्या, ॲटलसमधून प्रतिपिंडाने रंगवलेली स्लाइड पाहा, आणि दोन्ही कुठे जुळत नाहीत त्याची कारणं शोधा. कारणांची यादी प्रश्न ३, ६, १४ आणि १९ मध्ये तयारच आहे. ॲटलसवर प्रत्येक प्रतिपिंडाच्या विश्वासार्हतेचा शेरा असतो. ‘अनसर्टन’ असा शेरा असलेलं चित्र प्रबंधात पुरावा म्हणून चिकटवू नका.

सुरुवात एमवायएच-६ पासून करा. जीटेक्समध्ये वरच्या कप्प्याचं उपांग आणि डावा खालचा कप्पा शेजारी-शेजारी लावा. वरच्या कप्प्यातला आकडा जास्त दिसला पाहिजे. नसेल दिसत, तर कॉलमची अदलाबदल झाली आहे का ते आधी तपासा.